मदत हवी आहे: ओकच्या फांदीवर निळे शिंगाळे किडे, फांदी कापू का?

ऑस्टिनकर: अंगणातल्या लाइव्ह ओकच्या (सदाहरित ओकच्या) खालच्या फांदीवर तीस-चाळीस किडे ओळीने बसलेत. सेंटीमीटरभर लांब, फिकट निळे, अंगावर लाल रेघा, डोळेही लाल. काहींच्या डोक्यावर शिंग आहे, काहींच्या नाही. शेजारी काळी-पिवळी काटेरी पिल्लं, सालीवर बारीक चिरा. मार्च सुरू आहे. फांदी कापू की निंबतेल फवारू?

पानवेडी: कृपा करून कापू नका! हा ओक ट्रीहॉपर, म्हणजे झाडाचा रस पिणारा, उड्या मारणारा छोटा किडा; शास्त्रीय नाव प्लॅटिकोटिस व्हिटाटा. शिंगाचे आणि बिनशिंगाचे एकाच जातीचे. खात्रीसाठी काडीने हळूच डिवचा: मोठा किडा फांदीआड सरकेल नाहीतर टुणकन उडेल. जागचा हललाच नाही, तर ती खवले कीड, तिचा इलाज वेगळा.

चिरा मादीच पाडते. अंडी सालीच्या आत असतात, तिथे तेल पोचत नाही. पिल्लं त्या चिरांशी रस पितात आणि मोठी होईपर्यंत आई जवळच राखण बसते. तिला हुसकावलंत तर पिल्लं भक्षकांच्या तोंडी जातात. झाडाला एवढ्याने काही होत नाही, काडीवर बारीक वण राहतात, बस्स.

झाडोरा: कापण्याबद्दल आणखी. टेक्सासात ओक विल्ट हा ओकला मारणारा बुरशीचा रोग आहे, म्हणून फेब्रुवारी ते जून ओकला करवत लावू नये असं सांगतात. ताज्या जखमेच्या रसावर भुंगेरे येतात आणि बुरशी आणतात. पुढे ती जुळलेल्या मुळांमधून शेजारच्या ओकपर्यंत जाते. वादळात फांदी मोडली आणि कापावीच लागली, तर जखमेवर लगेच रंग फासा, साधा लॅटेक्स (पाण्यात मिसळणारा) रंगही चालतो. ट्रीहॉपरच्या चिरांना मात्र काही लावू नका.

ऑस्टिनकर: पण पानंही पिवळी पडून गळताहेत. यांच्यामुळेच ना?

झाडोरा: नाही. लाइव्ह ओक जुनी पानं वसंतातच टाकतो, पाठोपाठ नवी येतात. गळलेलं पान उजेडासमोर धरा. शिरा पिवळ्या-तपकिरी आणि मधला भाग हिरवा असेल, तर तो ओक विल्ट. मग पानांचे फोटो घेऊन लगेच काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात जा.

पानवेडी: आपल्याकडे बाभळीवर काट्यासारखे बसणारे, मुंग्यांच्या गराड्यातले किडे याच कुळातले. तुमच्या गाडीवर या किड्यांचे चिकट थेंब पडत असतील तर साध्या पाण्याने धुवा, पाइपचा जोराचा फवारा फांदीवर मारू नका.