लीड्स मोठे की मँचेस्टर?
इंग्लंडमधील या दोन शहरांपैकी २०२१ च्या जनगणनेत लीड्सची लोकसंख्या सुमारे ८ लाख १२ हजार आणि मँचेस्टरची ५ लाख ५२ हजार असल्याने लीड्स मोठे, असे म्हटले जाते. आकडे बरोबर असले तरी हा निष्कर्ष मला मान्य नाही. स्थानिक प्रशासनाच्या १९७४ च्या पुनर्रचनेत ऑटली, वेदरबी यांसारखी वेगळी गावे आणि बरीच शेतजमीन लीड्सच्या हद्दीत आली. उलट मँचेस्टरच्या मध्यवस्तीतून इरवेल नदीचा पूल ओलांडताच सॅलफर्ड हे स्वतंत्र शहर सुरू होते. (क्रिकेटप्रेमींच्या परिचयाचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदानही मँचेस्टरच्या हद्दीबाहेर आहे.) त्यामुळे तुलना प्रशासकीय हद्दींऐवजी सलग नागरी वस्तीच्या आधारे व्हावी, आणि तशी केल्यास मँचेस्टर निर्विवादपणे मोठे ठरते.