केळीभोवती वारा अडवायला शेवरीची झाडं लावू की सुरूची?

तापीकाठ: रावेर तालुका, दोन एकर, ग्रँड नैन जातीची केळी. जूनमध्ये मृगबाग लावायची आहे. पश्चिमेला उघडं माळरान आहे, एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्याने पानं फाटतात, कडा करपतात. बांधावर सुरू लावली तर मुळं बागेचं खत-पाणी ओढतील ना? की सरळ हिरवी नेट बांधू?

बांधकरी: सुरूला उंची घ्यायला दोन-तीन वर्षं लागतात, येत्या मेमध्ये तिचा उपयोग शून्य. केळीसोबतच शेवरी टोका. बी टणक असतं, रात्रभर भिजवून घ्या. दोन ओळी, मध्ये दोन फूट, रोपांत एक फूट. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीच्या फटीसमोर आलं पाहिजे. केळीपासून सहा फूट लांब, ठिबकची नळी वेगळी. डोक्याएवढी झाली की शेंडा खुडा. तो राहिला तर खाली नुसत्या काड्या उरतात आणि वारा बुंध्याशी घुसतो. शेळ्यांपासून मात्र जपा, एका दुपारीत ओळ साफ!

ठिबकवाला: नेट बांधायचीच तर 50 टक्क्यांची. पत्रा किंवा गच्च भिंत नको. वारा वरून उडी मारतो आणि मागे भोवरा होऊन पडतो. अर्धा वारा गाळून आत आला पाहिजे. आडोशाचा चांगला फायदा उंचीच्या साधारण दहापटच. 12 फूट शेवरी म्हणजे 120 फूट. तुमची दोन एकर चौकोनी असेल तर बाजू जवळपास 295 फूट, म्हणून मधल्या पट्ट्यातही एक ओळ लागेल. ट्रॅक्टरची वाट पश्चिमेला ठेवू नका, त्या फटीतून वारा जास्त जोमाने येतो.

तापीकाठ: जनावरं आहेत. गजराज गवत चालेल?

बांधकरी: चालेल, पण चाऱ्यासाठी दोन्ही ओळी एकदम कापल्या की आडोसा गेलाच. एक कापा, ती वाढली की दुसरी. खत-पाण्याला अधाशी आहे, वेगळं द्या.

मळेवाला: सुरू पुढच्या वर्षांसाठी लावाच, पण फक्त पश्चिमेला. दक्षिणेला लावली तर हिवाळ्यात सावली तुमच्याच बागेवर, आणि थंडीत केळी आधीच मंदावलेली असते. मुळांसाठी सुरूपासून पाच फुटांवर दोन फूट रुंद, तीन फूट खोल चर काढा, पावसाळा सरला की आत आलेली मुळं दरवर्षी तोडा. आडोशाच्या पट्ट्यात काकडी-भोपळ्याचे वेल सोडू नका, मावा तिथला कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग केळीत आणतो. आणि वादळ शेवरीने थांबत नाही. घड बाहेर आल्यावर बांबू किंवा पट्टीचा आधार द्यावाच लागेल.