नुनावुतच्या गावांना आधी काय हवं: आणखी पोलीस की बाकीच्या सोयी?

ओटावाकर

इथे ओटावात आमच्या मित्रमंडळींत कॅनडाच्या उत्तरेकडच्या गावांचा विषय निघाला, की दारू, मारामाऱ्या आणि शेवटी "पोलीस वाढवा" यावरच गप्पा संपतात. मला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, वस्ती मात्र चाळीस हजारांच्या आसपास. गावं २५, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. पोलीस म्हणजे आरसीएमपी, केंद्राचं दल. करारानुसार खर्चाचे ७० टक्के प्रदेश सरकार देतं, ३० टक्के केंद्र. लहान गावात दोन-तीन पोलीस असतात. बहुतेक दक्षिणेतून आलेले, इनुक्टिटुट (तिथल्या इनुइट लोकांची भाषा) न येणारे. माणसं ओळखीची होईपर्यंत बदलीचा हुकूम येतो.

त्यांच्या गळ्यात काय काय पडतं ते बघा. दारू पिऊन पडलेल्याला ठेवायला दुसरी जागा नाही, मग कोठडी. पोरगा जीव द्यायला निघालाय, गावात मानसोपचाराचं माणूस नाही, मग पोलिसांना फोन. नवऱ्याच्या माराला भिऊन बाई घराबाहेर पडली, तर बहुसंख्य गावांत महिलांसाठी निवारागृहच नाही. पोलीस तिला नेणार कुठे? आणखी दोन पोलीस पाठवून निवारागृह उभं राहत नाही. पैसा आधी या सोयींवर जावा, आणि पोलीस गावातलेच असावेत.

फौजदारी

अजिबात सहमत नाही. सील आणि कॅरिबूच्या शिकारीवर तिथे घरं जेवतात, त्यामुळे घरोघरी रायफल असते. मध्यरात्री घरातल्या भांडणाचा फोन आला की ती रायफल कुणाच्या हातात आहे हे जाणाऱ्याला माहीत नसतं. तिथे समुपदेशक पाठवणार? दोन पोलिसांपैकी एक रजेवर असेल तर दुसरा एकटा जातो. कुमक यायची ती विमानाने, आणि हवा खराब असेल तर तीही नाही. पोलीस वाढवू नका म्हणजे त्या बाईला सकाळपर्यंत कळ काढायला सांगणं झालं. निवारागृह हवंच, पण तिथवर ती जिवंत पोचायला हवी.

आणि गावातलेच पोलीस? पाचशे वस्तीच्या गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक. सख्ख्या मामाला अटक करून दुसऱ्या दिवशी त्याच घरी राहायचं, हे ओझं आपण वीस-बावीस वर्षांच्या पोरावर टाकतोय.

रात्रपाळी

मी नुनावुतमधल्या बॅफिन बेटावरच्या एका गावात आरोग्य केंद्रात नर्स होते. डॉक्टर अधूनमधून विमानाने येणार, एरवी आम्हीच. बाळंतपणासाठी बायकांना काही आठवडे आधी इकालुइटला, म्हणजे नुनावुतच्या राजधानीला, पाठवतात, पण एकीला वेळेआधी कळा सुरू झाल्या. गावात रुग्णवाहिका नव्हती. पोलिसांच्या ट्रकमध्ये मागे गाद्या टाकून तिला धावपट्टीवर नेलं. ऑक्सिजनचं सिलिंडर घरंगळू नये म्हणून तरुण कॉन्स्टेबल ते मांडीत धरून बसला होता. त्याच आठवड्यात एका मुलाने स्वतःला इजा करू नये म्हणून तोच कॉन्स्टेबल रात्रभर कोठडीच्या दाराशी बसला. मुलाने गुन्हा काहीच केला नव्हता. रेजायनाच्या पोलीस अकादमीत सहा महिने काढून आलेल्या माणसाकडून आपण ही कामं करून घेतो.

त्यामुळे फौजदारी, पोलीस कमी आहेत हे खरंच. पण तो रात्रभर कोठडीपाशी अडकला, कारण माझ्याकडे त्या मुलासाठी खाट नव्हती आणि माणूसही नव्हतं.

आणि घरांचं कुणीच बोलत नाही. बाहेरून आलेल्या नर्सला, पोलिसाला नोकरीबरोबर घर मिळतं. गावातली शिकलेली मुलगी बहुधा दहा जणांच्या घरातूनच कामावर येते. ती रात्रपाळी करून झोपणार कुठे?

पाचोळा

विश्वासाचा मुद्दा राहिलाच. १९५३ आणि १९५५ साली इनुइट कुटुंबांना क्यूबेक प्रांताच्या उत्तरेतून रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड या अगदी उत्तरेकडच्या जागी नेऊन वसवलं, त्यात पोलीस होते. याच काळात पोलिसांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी स्लेजची कुत्री मारली. कुत्री मोकळी सोडू नयेत असा नियम होता, तो लोकांना त्यांच्या भाषेत नीट समजावलाही नव्हता. कुत्री गेली की शिकार गेली. इनुइटांच्याच संघटनेने नेमलेल्या किकिक्तानी सत्य आयोगाने हे सगळं नोंदवलं, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने माफी मागितली. ज्यांनी हे लहानपणी पाहिलं ते आज गावातले आजी-आजोबा आहेत. फोन करायचा की नाही हे घरात तेच ठरवतात.

फौजदारी

इतिहास मान्य. पण स्थानिक पोलीस म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ऑन्टारियो प्रांताच्या उत्तरेत निश्नॉबी-आस्की पोलीस सेवा १९९४ पासून आहे, आदिवासींची स्वतःची. जानेवारी २००६ मध्ये काशेचेवान गावातल्या त्यांच्या कोठडीला आग लागून आत अडकलेले दोघे गेले. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. पाटी स्थानिक लावली आणि पैसे दिले नाहीत, की असं होतं. आरसीएमपीमागे निदान पूर्ण दल उभं असतं.

ओटावाकर

पैसे न देणारे कोण? केंद्र आणि प्रांत. क्यूबेकमधल्या मॅश्टेउयाच इथल्या इनूंना (हे आदिवासी इनुइटांपेक्षा वेगळे) स्वतःचं पोलीस दल आहे; त्यांच्या परिषदेने याच तक्रारीवरून क्यूबेकवर भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की निधी अपुरा असताना त्यावर खऱ्या वाटाघाटी करायला नकार देऊन क्यूबेकने करार प्रामाणिकपणे पाळला नाही. काशेचेवानच्या आगीचा दोष स्थानिक पोलिसांच्या कल्पनेवर टाकू नका.

आणि मागे पूर्ण दल असून काय होतं तेही सांगतो. जून २०२० मध्ये नुनावुतमधल्या किंगाइट गावात आरसीएमपी एका माणसाला अटक करताना त्यांच्याच चालत्या ट्रकच्या दाराची धडक बसून तो खाली पडला. गावातल्या कुणीतरी व्हिडिओ काढला म्हणून जगाला कळलं. चौकशीला पोलीस आले आमच्या ओटावाहून, दोन हजार किलोमीटरवरून.

नातेवाइकांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर शेजारच्या गावचा माणूस नेमता येईल, पण भाषा येणारा नेमा.

रात्रपाळी

भाषेवरून एक सांगते, मग थांबते. ठाणं बंद झाल्यावर फोन गावात वाजत नाही, इकालुइटच्या केंद्रात जातो. घाबरलेल्या बाईने तिथे इंग्रजीत सांगायचं, निळ्या घराशेजारचं घर, दुकानाच्या मागे. तिकडच्या माणसाने ते गाव कधी पाहिलेलंच नसतं. पोलीस दोन असोत की सहा, निरोप त्यांच्यापर्यंत चुकीचाच पोचतो. मला विचाराल तर पुढचा पगार पोलिसालाही नको आणि नर्सलाही नको. गावात रात्री फोन घेणारी, इनुक्टिटुट बोलणारी दोन माणसं नेमा, आणि त्यांना राहायला घर द्या. फौजदारी, याला तरी तुमची हरकत आहे का?

फौजदारी

नाही. पण त्या फोननंतर दाराशी जाणारे दोघे असावेत, एकटा नको, एवढं मी सोडणार नाही.