घराण्याचे टाक वारशाने आले; श्रद्धाही तशीच येते का?

उदगीरकर

वडिलांच्या पश्चात देवघरातील टाक थोरला म्हणून माझ्याकडे आले. एक तुळजाभवानीचा, एक खंडोबाचा, आणि तिसरा कोणाचा हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. चांदी इतकी झिजली आहे की त्यावर घोडा आहे की नंदी, तेही ओळखू येत नाही. टाकांबरोबर कुळाचारही आला : नवरात्रात घट, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा आणि तळी, घरात लग्न झाले की गोंधळ. हे सारे मी आजवर बिनबोभाट करीत आलो आहे. मात्र यातले काही का करायचे, असे विचारले की ‘आपल्यात असंच असतंय’ एवढेच उत्तर मिळते, आणि पुन्हा विचारले तर चुलते देवीच्या कोपाची भीती घालतात. मनातून न मानता करीत राहिलो तर ते ढोंग ठरेल का? आणि सोडून दिले तर तो वडिलांचा अवमान होईल का?

पैठणकर

आपण प्रश्न विचारला म्हणजे परंपरेबाहेर पडलात, असे मानण्याचे कारण नाही. आमच्या गावच्या नाथमहाराजांसमोर ज्ञानेश्वरी आली, तेव्हा ती लिहून जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती आणि नकलाकारांच्या हातून तिच्यात अशुद्ध पाठ शिरले होते. वडीलधाऱ्यांकडून आले ते पवित्रच, असे म्हणून त्यांनी ती डोळे मिटून स्वीकारली नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, तिची प्रत शुद्ध केली. ज्याची श्रद्धा पातळ असते तो एवढे कष्ट घेत नाही. अर्थात याच नाथांनी, पुढे कोणी या ग्रंथात आपल्या पदरची ओवी घालू नये, असेही बजावून ठेवले आहे. तेव्हा तपासावे, पण आपल्या सोयीचे ते त्यात घुसडू नये, एवढे पथ्य मी पाळतो. आपले चुलते कोपाची भीती घालतात, त्यांना पितरांसाठी रांधलेले अन्न नाथांनी अस्पृश्यांना वाढल्याची कथा जरूर विचारावी. नाथषष्ठीला ती कथा सगळेच भक्तिभावाने ऐकतात. घरी गेल्यावर किती जणांना आठवते, हा भाग वेगळा.

नागसेनवनातील माजी विद्यार्थी

पैठणकरांचे म्हणणे परंपरेत ज्यांना मानाचे पान होते त्यांच्यापुरते ठीक आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवले जात होते, त्यांनी प्रत कसली शुद्ध करायची? बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि प्रत्यक्ष दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी वाचन, तुलना आणि वादविवाद केला. वारसा नाकारणे हीसुद्धा किती जबाबदारीची गोष्ट आहे, हे यावरून कळावे.

पण आमच्या घरांतलेही सांगितले पाहिजे. माझ्या आजोबांनी धम्म विचार करून स्वीकारला. मला तो जन्माने मिळाला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या आमच्यातल्या किती तरुणांनी त्यांतल्या एकीवर तरी आजोबांइतका विचार केला असेल? परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. तेही आम्ही पुष्कळदा बुद्धांनी सांगितले म्हणूनच मानतो. त्यामुळे उदगीरकरांना टाक ठेवा किंवा विसर्जित करा, असे मी सांगणार नाही. जे कराल ते स्वतःच्या निर्णयाने करा.

अंबाजोगाईची लेक

तिघांचेही लिहिणे वाचले. कुळाचार ‘मी करीत आलो’ असे उदगीरकर लिहितात, तेव्हा पुरण वाटतो कोण, सोवळ्यात पहाटे उठतो कोण आणि नऊ दिवस उपाशीपोटी घरभर राबतो कोण, हेही त्यांनी लिहायला हवे होते. आमच्या घरी सासरे तळी उचलून ‘येळकोट येळकोट’ म्हणत आणि त्यांचा धर्म तिथे पूर्ण होई. आमचा त्याआधी दोन दिवस चुलीपुढे चालू झालेला असे. पाळी आली की देवघराकडे फिरकायचे नाही, हा नियम मला कोणी कधी समजावून सांगितला नाही. मी तो सात-आठ वर्षे पाळला, मग सोडला. सासूबाई महिनाभर अबोला धरून होत्या, पण पुढे घटाला पाणी घालायला त्यांनीच मला हाक मारली.

कोपाविषयी एवढेच सांगते. कुळाचार चुकला म्हणून संकट आले, असे सांगून कोणी भगत उताऱ्याचे पैसे मागू लागला, तर ती श्रद्धा नव्हे, धंदा आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणाऱ्या किंवा धाकात ठेवणाऱ्यांसाठी राज्यात 2013 पासून कायदा आहे; घरची पूजा, वारी किंवा कीर्तन यांना त्याची आडकाठी नाही.

ढोंग की अवमान, हे उदगीरकरांनी एकट्याने ठरवू नये. यंदाच्या नवरात्राआधी बायकोला समोर बसवून, यातले तुला काय ठेवायचे आहे, असे विचारावे आणि ती जे ठेवू म्हणेल त्याचे पुरण स्वतः वाटावे.