नीटनंतर मुलानं खोलीत कोंडून घेतलंय. सुतारकाम आणि डोंगर यानं फरक पडतो का?

विश्रामबागची आई, सांगली

नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मे महिन्यात नीट दिली, मार्क कमी पडले. रिपीट करायचं ठरलं, क्लासची फी भरली, पण ऑगस्टपासून त्यानं क्लासला जाणंच सोडलं. दिवसभर खोलीत, पडदे ओढलेले. रात्री तीनपर्यंत मोबाईल. जेवायला हाक मारली की "भूक नाही". चिडत नाही, रडतही नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

दिवाळीत माझा भाऊ आला होता. त्यानं माळ्यावरचा सासऱ्यांचा जुना पाट खाली काढला आणि दोघं दुरुस्तीला बसले. पाटाची खालची एक पट्टी निखळली होती. दोन तास पोरगा खाली मान घालून कानस घासत होता, मोबाईल आत चार्जिंगला. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या. भाऊ गेला आणि परत पडदे बंद.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. घरात बोलले तर उत्तर आलं, "डॉक्टर करायचं सोडून सुतार करणार का पोराला?" आपल्या सांगली-मिरज-पलूस भागात कुणी हे शिकवतं का? लाकूडकामानं, रानात फिरल्यानं खरंच मन ताळ्यावर येतं, की ही माझ्या मनाची समजूत?

पॅटर्नवाला, पलूस

ताई, मी फाउंड्रीत चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा जो पार्ट ओतायचा तो आधी लाकडात करायचा, त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. घरच्यांना सांगा, हे सगळं सुतारकामच आहे, आणि त्याच्यावर माझी दोन्ही मुलं शिकली.

रिटायर झाल्यापासून रविवारी सकाळी माझ्या अंगणात पाच-सहा पोरं येतात. काही आईबापांनी पाठवलेली, काही आपणहून आलेली. मन कसं सावरायचं ते मला शिकवता येत नाही. मी पहिल्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा वीतभर तुकडा आणि चाकू हातात देतो आणि पळी करायला सांगतो. शिवण मऊ, चाकूला पटकन वश होते. बाभूळ देत नाही. ती कुळवाला चांगली, नवख्या हाताचा जीव घेते.

पाच मिनिटांत प्रत्येकाचं एकच होतं. चाकू लाकडाच्या रेघेच्या उलटा जातो, लाकूड उचकटतं आणि नको तिथं खोल खड्डा पडतो. पोरगं माझ्या तोंडाकडं बघतं, आता हा ओरडणार म्हणून. मी काही बोलत नाही. तुकडा फिरवून परत त्याच्या हातात देतो. आता त्याच जागेवर दुसऱ्या बाजूनं चाकू लावला की पातळ साल गोल वळत वळत निघते, कांद्याच्या सालीसारखी, उजेड आरपार दिसेल अशी. तेवढ्यात पोराचे खांदे खाली येतात. आजवर कितीतरी पोरांचं हे बघितलंय, तरी दर वेळी मला भरून येतं.

मला वाटतं ते असं. या पोरांना आपलं चुकलं कुठं ते कधी कळतच नाही. वर्षभर घासायचं आणि शेवटी एक आकडा हातात येतो. लाकडात चूक त्याच क्षणी बोटाला लागते, आणि ती सुधारायची सोयही त्याच बोटांत असते.

एक गोष्ट पाळा. शोभेचं काही करायला लावू नका. घरात लागेल असंच करायला सांगा. माझ्याकडं एक मुलगा यायचा, सहा रविवार तोंडातून शब्द नाही. त्यानं आजीसाठी उलथनं केलं. आजीनं ते रोज धपाट्याला वापरलं आणि दोन महिन्यांनी कड जळाली म्हणून त्याच्याकडं परत दिलं, "नीट कर" म्हणाली. ते जळकं उलथनं घेऊन माझ्याकडं आला तेव्हा पहिल्यांदा अर्धा तास बोलला. आजीला त्याच्या हातचंच उलथनं पाहिजे होतं.

महिन्यातून एकदा पोरांना सागरेश्वरला नेतो. माझ्या लहानपणी तो डोंगर उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि आसपासच्या गावांतल्या माणसांनी झाडं लावून जगवली, १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, पण सांबर आहे, चितळ आहे, काळवीट आहे. सांबर शिंगं घासतं तिथली झाडाची साल सोललेली असते. गेल्या वेळी पोरं तशा एका खोडापाशी वीस मिनिटं बसली होती, बोटानं चरे चाचपत. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हे मी गेटवरच सांगतो. आपलं लाकूड वखारीतल्या तुकड्यांतून घ्यायचं.

चाकूचं म्हणाल तर धार चोख ठेवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि तोच सटकतो. मांडीवर धरून कापायचं नाही, धारेसमोर दुसरा हात आणायचा नाही. पळी झाली की जवसाचं तेल चोळून वाळवायची. मी पैसे घेत नाही. घेऊन या पोराला.

शाळेत समुपदेशक, सातारा

ताई, काकांचं सगळं मनापासून पटलं, तरी एक काम त्याच्याआधी करा. इतके महिने झोप उलटी, जेवण कमी, कशात रस नाही, हे नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. लाकूडकाम उपचाराच्या जोडीला ठेवा.

"जगू नये असं कधी वाटतं का?" हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं काही म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, धारदार अवजारं सध्या दूर ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

फरक पडतो का म्हणून विचारलंत. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये "तब्येत चांगली आहे, समाधानी आहे" असं सांगणारे जास्त निघाले. ती मिनिटं एका दमात घालवा नाहीतर तुकड्यातुकड्यांनी, फरक दिसला नाही. अर्थात ज्याला बरं वाटतं तोच बाहेर पडतो, असंही असू शकतं. पण आठवड्याला दोन तास देऊन बघण्यात काही हरकत नाही.

गोडोलीकर, सातारा

काकू, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. लॉकडाऊन उठल्यावर मला कॉलेजला जाणंच जमेना. मामा पहाटे उठवून अजिंक्यताऱ्यावर न्यायचा. तो वाटेत काही विचारायचा नाही, म्हणून मी जायचो. मंगळाईच्या देवळापाशी बसायचं, उजाडताना खाली शहरातले दिवे एकेक करून विझायचे, मग उतरायचं.

आई मात्र दारातच विचारायची, "बरं वाटलं का?" तिचा जीव तुटत होता हे आता कळतं. तेव्हा मात्र तो पेपरातला प्रश्न वाटायचा आणि उत्तर चुकणार याची खात्री असायची. तुम्ही त्याला काही विचारू नका. चहा टाका.

विश्रामबागची आई, सांगली

सगळ्यांचे आभार. महिन्याभरानं लिहितेय.

मिरजेच्या डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आलो. औषध सुरू आहे. तो प्रश्न मी विचारला. विचारताना माझेच हात थरथरत होते. "मरायचं नाही गं, पण उठावंसंही वाटत नाही," म्हणाला. डॉक्टरांना तेही सांगितलं.

पहिल्या रविवारी अंथरुणातून उठलाच नाही. दुसऱ्या रविवारी काकांकडं नुसता बसून राहिला. तिसऱ्या रविवारी चाकू हातात घेतला. झोप अजून उलटीच आहे आणि क्लासचा विषय आम्ही काढत नाही.

काल कपडे भिजवताना त्याच्या पँटच्या खिशात मूठभर ढलप्या निघाल्या, पातळ, गोल वळलेल्या. टाकवेनात. वाटीत घालून त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि काही न बोलता बाहेर आले.

पळीचा दांडा झालाय. खोलगट भाग कोरायला वाकडा चाकू लागतो म्हणे, तो सांगलीत कुठं मिळत नाही. काका, तुमच्याकडं एखादा जास्तीचा असेल का? या रविवारी जरा लवकरची एसटी धरतो म्हणालाय.