मदत हवी आहे : सुपरमार्केटमधली फिल्टर कॉफी, दुधात चव टिकणारी

कोथरूडला राहतो. घरी स्टीलचा फिल्टर आहे, रोज दोघांची दुधाची कॉफी होते. महिन्याला अर्धा किलो पावडर लागते, बजेट साडेपाचशेपर्यंत. घरी ग्राइंडर नाही आणि इन्स्टंट नको आहे.

आधी 53 टक्के कॉफी, 47 टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) असलेलं पाकीट आणलं. डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क) काळंभोर आणि दाट, पण जिभेवर चिकोरीचा गोडूस-कडवट थरच राहतो. (मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी असा नियम आहे, म्हणजे ही जवळपास तळाचीच.) मग चिकोरीशिवायची, शंभर टक्के अरेबिका (कॉफीची सौम्य, सुगंधी जात) घेतली. वास अप्रतिम! पण पाणी भराभर खाली उतरतं, डिकॉक्शन पातळ होतं आणि दूध घातलं की कॉफी गायब. पावडर जास्त घालून, घट्ट दाबून पाहिली, फार फरक नाही.

थोडी चिकोरी हवीच असं आता वाटतंय. पण 80:20 घ्यावी की 70:30? शिवाय पाकिटावर चिकोरीचं प्रमाण असतं, रोबस्टा (कॉफीची दुसरी, जास्त कडक जात) किती ते बहुतेकदा नसतंच. दुधात टिकायला तोच महत्त्वाचा असेल तर तो ओळखायचा कसा? डी-मार्टसारख्या दुकानात सहज मिळणारं, तुम्ही स्वतः फिल्टरमध्ये वापरत असलेलं कुठलं पाकीट सुचवाल?