शब्दचर्चा : ‘परस्पर’ घेतलेला स्क्रीनशॉट (बोलणाऱ्याचं नाव त्याच्या गावावरून)

बेळगाव : सायबर कॅफे आणि पतसंस्थांमधल्या सामायिक कॉम्प्युटरजवळ लावायला एक मराठी-कन्नड फलक तयार होतोय. मराठी मजकूर असा : ‘या कॉम्प्युटरमधील सॉफ्टवेअर आपल्या स्क्रीनचे फोटो परस्पर घेऊ शकते.’ कन्नड करणाऱ्यांनी ‘परस्पर’ तसाच ठेवलाय. चालेल का? आणि प्रायव्हसीला गोपनीयता म्हणायचं की खासगीपणा?

खानापूर : अजिबात चालणार नाही, अर्थ उलटा होईल. मराठीत ‘जमीन परस्पर विकली’ म्हटलं की मालकाला पत्ता लागू दिला नाही, हे आलंच. ‘पैसे परस्पर वळते केले’ हेही तसंच. कन्नडात मात्र ‘परस्पर’ म्हणजे एकमेकांत, दोघांचं मिळून. ‘परस्पर ओप्पिगे’ म्हणजे दोघांची संमती. मराठी वाचणारा सावध होईल आणि शेजारी कन्नड वाचणाऱ्याला वाटेल, दोघांच्या राजीखुशीनं चाललंय. बरं, मराठीतही ‘परस्पर संमतीने’ आहेच. एकच शब्द संमतीच्या बाजूनेही उभा राहतो आणि विरुद्धही, म्हणून तो फलकावर नको.

आपल्याकडचा ‘परभारे’ जवळचा आहे, पण त्यात फक्त मधला माणूस टाळणं येतं. ‘माल परभारे शेतातनंच गेला’ यात फसवणूक नाही. सरळ ‘न विचारता’ लिहा. कन्नडात ‘केळदे’. दोन्हीकडे शाळकरी पोरालाही कळेल.

निपाणी : ‘न विचारता’ला माझाही दुजोरा. ‘गुपचूप’ मात्र कोणी सुचवू नका, तो वेगळा प्रकार. कोपऱ्यात चिन्ह दिसतंय, पण नाही म्हणायची सोय नाही, असं सॉफ्टवेअर गुपचूप नसतं, तरी न विचारता घेणारंच असतं.

‘घेणे’पेक्षा ‘टिपणे’ बरं, आणि त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ ला जाहीर केलेलं रिकॉल हे विंडोजमधलं साधन दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र साठवतं आणि त्यातली अक्षरं वाचून शोधण्याजोगी करतं. महिन्याभरानं ‘उतारा’ टाइप केलं की त्या दिवशी उघडलेला सर्व्हे नंबर समोर. ‘टिपणे’त चित्र घेणंही येतं आणि टिपण काढणंही. सुरुवातीला ते आपोआप चालू राहणार होतं. टीका झाल्यावर ७ जून २०२४ ला, वापरणाऱ्यानं चालू केलं तरच चालेल, असं जाहीर झालं. सर्वसाधारण वापरासाठी ते एप्रिल २०२५ पासून येऊ लागलं.

हे फक्त कोपायलट प्लस जातीच्या नव्या मशीनवर असतं, किमान १६ जीबी रॅम लागते. तिथं सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग रिकॉल अँड स्नॅपशॉट्स उघडा आणि ‘सेव्ह स्नॅपशॉट्स’ बंद करा. इथंच बरेच जण थांबतात. बटण बंद केल्यानं आधीची चित्रं जात नाहीत. ती त्याच पानावरून वेगळी डिलीट करावी लागतात.

कॅफेतल्या जुन्या मशीनवर धोका साधा असतो. विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलने (स्क्रीनचा भाग कापून घेणारं साधन) आधारचा तुकडा कापला, प्रिंट काढली, खिडकी बंद केली, तरी मूळ फाइल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप पडलेली असू शकते. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) जोडलेलं असेल तर ती वरही चढते. क्लिपबोर्ड हिस्ट्री (कॉपी केलेल्या गोष्टींची यादी) चालू असेल तर विंडोज आणि व्ही या कळा दाबून मागच्या २५ गोष्टींपर्यंत दिसतात. उठण्याआधी फोल्डर पुसा, रिसायकल बिन रिकामा करा, क्लिपबोर्डमध्ये ‘क्लिअर ऑल’ करा.

बेळगाव : मग ‘न विचारता टिपू शकते’. आणि संमती, परवानगी, सहमती यातलं काय घ्यायचं?

चिकोडी : संमती. परवानगी वरच्यानं खालच्याला द्यायची असते, साहेबाकडून रजेची. सहमती म्हणजे मत जुळणं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचं वर्णन नेमकं आहे : मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिलेली. आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट त्यात बसत नाही. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्यायही द्यावा, असं त्यात म्हटलंय. त्या यादीत मराठी आहे, कन्नडही आहे. सीमाभागात हे कलम ठाऊक असायलाच हवं.

आता गोपनीयता. गोपनीय म्हणजे लपवायचं ते, पेपर फुटतो तसं. पोरीच्या फीची पावती, दवाखान्याचा रिपोर्ट, भावाला लिहिलेला मेल यात लपवण्याजोगं काही नाही, तरी ते तुमचं स्वतःचं आहे. ते खासगी. ‘लपवण्यासारखं आहे काय तुमच्याकडं?’ हा उलट सवाल गोपनीयता या शब्दातूनच फुटतो, म्हणून मी तो टाळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला ज्या खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचा. कन्नडात ‘खासगितन’ आहेच, मूळ शब्द दोन्हीकडे एकच. फोनच्या मेनूत मराठीला गोपनीयता आणि कन्नडला गौप्यते दिसतं, तेव्हा सेटिंगचं नाव सांगताना तेच सांगा. फलकावर खासगी.

खानापूर : ‘फोटो’ही काढा. कॅफेत फोटो म्हटलं की माणूस वेबकॅमकडं बघतो आणि त्यावर कागद चिकटवून निर्धास्त बसतो. ‘पडदा’ही नको, डोळ्यासमोर खिडकीचा येतो. स्क्रीनच ठेवा.

बेळगाव : दुरुस्त मजकूर : ‘या कॉम्प्युटरमधील सॉफ्टवेअर तुमच्या स्क्रीनवर दिसणारे सर्व काही तुम्हाला न विचारता टिपू शकते. खासगी कागद उघडण्यापूर्वी मालकाला विचारा. काम झाल्यावर स्क्रीनशॉट्स फोल्डर पाहा.’

निपाणी : ‘पाहा’ नको, ‘रिकामे करा’ लिहा.